प्लास्टर उतरल्यानंतर

फोंडा तालुक्यातील एक पाडेली आमच्या परिचयाचा आहे. वय चाळिशी उलटलेले, अंगकाठी शिडशिडीत, दिवसाकाठी पंचवीस-तीस माड चढणे हा त्याचा नित्याचा उद्योग. नारळ पाडणीची पाळी आली की आसपासच्या भाटकारांची बोलावणी त्यालाच येत असत. दोन वर्षांमागे पावसाळ्यात ओल्या माडावरून उतरताना खाचेतून त्याचा पाय निसटला आणि आठ-दहा हातांवरून तो खाली आला. कणा वाचला, डोके वाचले. उजव्या नडगीचे हाड मात्र मोडले. मांडीपासून पावलापर्यंत प्लास्टर चढले, ते टप्प्याटप्प्याने तीन महिन्यांनी उतरले. पुढे तीन आठवडे तो रुग्णालयाच्या भौतिकोपचार विभागात, म्हणजे ज्याला सर्वजण फिजिओथेरपी म्हणतात तेथे, बस बदलीत जात होता. आखडलेला गुडघा वाकू लागला, घोटा फिरू लागला, कुबड्या सुटल्या. क्ष-किरणाच्या चित्रात हाड सांधलेले दिसले. रुग्णालयाच्या दृष्टीने तो बरा झाला.

बरा झालेला हा मनुष्य नंतर एके दिवशी माडाला भिडला. पुरुषभर उंची चढून जातो न जातो तोच उजवी मांडी थरथरू लागली आणि तो जपून खाली उतरला. भाच्याने त्याला तालुक्याच्या गावातील एका जिममध्ये नेले. तेथला तरुण शिक्षक प्रामाणिक होता. पायावरची खूण पाहून तो म्हणाला, "काका, डॉक्टरांची चिठ्ठी आणा, मग बघू." चिठ्ठी मागण्यास तो रुग्णालयात गेला तेव्हा त्यास असे सांगण्यात आले की, येथील उपचार पूर्ण झाले आहेत आणि जिमसाठी चिठ्ठी देण्याची येथे पद्धत नाही. आज तो एका इमारतीच्या फाटकावर पहारेकरी आहे. पगार पूर्वीच्या मिळकतीच्या निम्म्याच्या आसपास.

ह्या हकीकतीत दोष कोणाचा म्हणावा? शस्त्रवैद्याने हाड नीट बसविले. भौतिकोपचाराने मनुष्याला चालते केले. जिमच्या शिक्षकाने अज्ञात दुखण्याशी खेळ केला नाही, हे त्याला भूषणावहच आहे. प्रत्येकाने आपापले काम केले. आणि तरीही एका कुशल कामगाराचा धंदा बुडाला. तो बुडाला तो दोन कामांच्या मधल्या मोकळ्या जागेत. ती मोकळी जागा हाच आमच्या आजच्या लेखाचा विषय आहे.

शरीराचा व्यवहार कसा चालतो हे थोडे पाहिले म्हणजे ही जागा किती रुंद आहे ते कळते. मोडलेले हाड नीट बसवून स्थिर ठेवले की बहुधा आपले आपण सांधते. स्नायूंचे तसे नाही. प्लास्टरमध्ये निजलेला स्नायू काही दिवसांतच रोडावू लागतो. प्लास्टर उतरलेल्या मनुष्याच्या दोन्ही मांड्यांना शिंप्याची फीत लावून पाहावी, फरक डोळ्यांनीही दिसतो. हा गेलेला स्नायू नुसत्या घरातल्या चालण्याने पूर्ववत होत नाही. त्याच्यावर भार घालावा लागतो, तो भार त्यास झेपू लागला की किंचित वाढवावा लागतो, आणि हे कित्येक आठवडे, प्रसंगी महिने, चालवावे लागते. हाडास स्नायू ज्यांनी बांधला जातो त्या कंडरा तर त्याहूनही संथ. त्यांना रक्ताचा पुरवठा बेताचा असल्यामुळे त्या आपल्या गतीने बळावतात, आणि स्नायूची उमेद वाढली म्हणून घाई केली तर त्याच दुखावतात. शिवाय तोल हा एक निराळाच प्रकार आहे. डोळे मिटून एका पायावर उभे राहता येणे, ही गोष्ट निरोगी मनुष्यास क्षुल्लक वाटते. दुखापतीनंतर ती पुन्हा शिकावी लागते. पाडेल्याला ती इतरांपेक्षा जास्त लागते.

भौतिकोपचार मनुष्याला अंथरुणातून घराच्या उंबऱ्यापर्यंत आणतो. उंबऱ्यापासून माडाच्या शेंड्यापर्यंतची, किंवा पायलटाच्या मोटारसायकलीपर्यंतची, किंवा मासळीची टोपली डोक्यावर घेण्यापर्यंतची वाट मात्र व्यायामाची आहे. तत्त्वतः भौतिकोपचारतज्ज्ञ ही दुसरी वाटही दाखवू शकतो. ते त्याच्या शास्त्रातच येते. परंतु सरकारी रुग्णालयाच्या दाराशी रोजची रांग उभी असताना चालू लागलेल्या रोग्यास आणखी चार महिने कोण देणार? आणि काणकोणचा किंवा सत्तरीचा मजूर दिवसाची मजुरी बुडवून, बसभाडे खर्चून, आठवड्यातून तीनदा बांबोळीस किंवा मडगावास किती दिवस येणार? उलटपक्षी जिमच्या शिक्षकापाशी वेळ आहे, साधने आहेत, आणि तो गावातच आहे. त्याच्यापाशी नाही ते रोगाचे ज्ञान, आणि समोरच्या शरीरात काय घडून गेले आहे ह्याची माहिती.

हे दोन व्यवसाय एकमेकांस परके आहेत, असा समज रूढ झाला आहे. इतिहास पाहता दोघेही एकाच घरातले. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग नावाचा पट्टेबाजीचा एक शिक्षक होऊन गेला. त्याने १८१३ साली स्टॉकहोम येथे व्यायामाची राजमान्य संस्था काढली. त्याच्या पद्धतीत शाळेतील मुलांचा व्यायाम, सैनिकांचा व्यायाम आणि रोग्यांचा व्यायाम ह्या एकाच झाडाच्या फांद्या होत्या. युरोपातील आधुनिक भौतिकोपचाराचा उगम पुष्कळ जण तेथेच मानतात. त्याच शहरात पुढे गुस्ताव झांडर ह्या डॉक्टरने वजने, तरफा व चाके लावून व्यायामाची यंत्रे बनविली आणि १८६५ साली त्यांची संस्था उघडली. यंत्रे होती रोग्यांसाठी. पण आजच्या जिममध्ये ओळीने मांडलेल्या यंत्रांचे पूर्वज शोधू गेल्यास झांडरच्या दालनातच जावे लागते.

त्याहून मौजेची गोष्ट निराळीच आहे. गोव्यातील कोणत्याही जिममध्ये आज पाऊल टाकावे, शिक्षक सांगत असतो: दहा-दहाचे तीन सेट मारा. हा आकडा कोठून आला, हे त्यास विचारल्यास बहुधा सांगता येणार नाही. तो आला एका लष्करी रुग्णालयातून. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत शिकागोच्या गार्डिनर रुग्णालयात थॉमस डीलॉर्म नावाचा तरुण डॉक्टर होता. युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांचे गुडघे महिनोन् महिने सुधारत नव्हते, खाटा अडून राहत होत्या. त्या काळी अशा रोग्यास हलकी वजने देऊन पुष्कळ वेळा हालचाल करवीत. डीलॉर्मला स्वतःला लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेला होता आणि त्यातून उठल्यावर त्याने वजने उचलून शरीर कमावले होते. त्याने उलट मार्ग धरला. जेमतेम दहा वेळा उचलता येईल इतके जड वजन ठरवावयाचे, त्यावर सराव करावयाचा आणि बळ वाढेल तसे वजन वाढवावयाचे. १९४५ साली त्याने ह्या पद्धतीची हकीकत प्रसिद्ध केली. १९४८ मध्ये आर्थर वॉटकिन्स ह्याच्यासह ती सुटसुटीत केली: पहिल्या दहा खेपा निम्म्या वजनाने, दुसऱ्या दहा पाऊण वजनाने, तिसऱ्या दहा पूर्ण वजनाने. जिममध्ये स्नायू फुगविण्यासाठी घोकला जाणारा मंत्र मुळात लंगड्या सैनिकांना उभे करण्यासाठी रचला गेला. आणि तो रचणाऱ्या डॉक्टरला त्याची प्रेरणा झाली ती वजने उचलण्याच्या स्वतःच्या नादातून. कोणी कोणाकडून काय घेतले, ह्याचा हिशेब येथे लागणे कठीण आहे.

आमच्या तालमींतही हीच रीत होती. मुलास जोर-बैठका शिकविणारा वस्तादच त्याचा लचकलेला पाय चोळीत असे, उतरलेला खांदा बसवीत असे आणि किती दिवसांनी पुन्हा मातीत उतरावयाचे तेही तोच सांगत असे. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न प्राध्यापक माणिकराव व्यायामाचे आचार्य म्हणून जितके गाजले, तितकीच त्यांची ख्याती हाडे व सांधे सांधण्याच्या विद्येसाठीही होती. अर्थात ह्या जुन्या रीतीचा भोळा गौरव करण्याची आमची इच्छा नाही. बांबूच्या कामट्या करकचून बांधल्यामुळे रक्त अडून हातच गमवावा लागल्याची उदाहरणे हाडवैद्यांच्या खाती कमी नाहीत, आणि क्ष-किरणाचे चित्र न पाहता हाड ओढणारा मनुष्य कितीही पुण्यवान असला तरी त्याच्यापासून दूर राहणेच बरे. मात्र त्या रीतीत एक गोष्ट होती: ज्याने दुखणे पाहिले तोच पुढचा व्यायाम पाहत होता. आजच्या व्यवस्थेत शास्त्र कितीतरी पुढे गेले, आणि हा धागा मात्र तुटला.

हा धागा शाबूत राहिला तर काय घडते, ह्याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालील शरीर लुळे झाले. पोहणे त्यांच्या आयुष्यात आले ते उपचार म्हणून. पाण्यात शरीराचा भार हलका होतो, उरलेल्या स्नायूंना काम मिळते, हा त्यामागचा साधा हिशेब. परंतु उपचार जेथे संपतो तेथे पेटकर थांबले नाहीत आणि त्यांना कोणी थांबविले नाही. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झालेल्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून त्यांनी भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळविले. ती स्पर्धाही मुळात एका रुग्णालयाच्या आवारात जन्मली होती. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे कण्याच्या दुखापतीच्या रोग्यांवर उपचार करणारे डॉक्टर लुडविग गुटमान ह्यांनी २९ जुलै १९४८ रोजी, लंडनचे ऑलिंपिक ज्या दिवशी सुरू झाले त्याच दिवशी, आपल्या सोळा रोग्यांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. त्यापूर्वी असे रोगी अंथरुणातल्या जखमांनी आणि मूत्रमार्गाच्या विकारांनी लवकरच दगावत, म्हणून त्यांच्यावर फारसे कष्ट घेण्याची कोणाची तयारी नसे. गुटमान ह्यांनी त्यांच्या हाती धनुष्य दिले.

सैन्याने हे तत्त्व ओळखले, ह्याचे कारण सैन्यास आपला मनुष्य कामास लावावयाचा असतो. पुण्याजवळ खडकी येथे अपंग सैनिकांना धंदेशिक्षण देणारी, १९१७ साली स्थापन झालेली क्वीन मेरी संस्था आहे. तेथेच कणा दुखावलेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र १९७४ साली निघाले. नागरी जीवनात मजुराला पुन्हा कामास लावण्याची निकड फक्त त्या मजुरास आणि त्याच्या बायकोस असते. रुग्णालयाच्या नोंदवहीत त्यासाठी रकाना नाही.

रकाना नाही, आणि समाजाचे पूर्वग्रह भरपूर आहेत. पैकी पहिला, उपचार म्हणजे यंत्र. भौतिकोपचारासाठी गेलेल्या रोग्यास शेकाचे, विजेच्या लहरींचे यंत्र लावले की त्याला समाधान वाटते. व्यायाम करावयास सांगितला की पैसे फुकट गेल्यासारखे वाटते. घरी आल्यावर तो सांगतो, "आज मशीन लावले नाही, नुसते पाय उचलायला सांगितले." वास्तविक गुडघ्याच्या व कंबरेच्या बहुतेक जुनाट दुखण्यांत तो पाय उचलणेच खरे औषध असते. दुसरा पूर्वग्रह मायेपोटी येतो. सासूबाईंच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली, आता त्यांनी उठू नये. बाबांना अर्धांगाचा झटका येऊन गेला, आता पेलाही आपणच त्यांच्या ओठी लावावा. अशा मायेने हात लुळा राहतो. अर्धांगानंतर सुधारणा सर्वांत वेगाने होते ती पहिल्या काही महिन्यांत. ते महिने सेवेत घालवून मग बारा महिन्यांनी भौतिकोपचाराची चौकशी करणारी कुटुंबे आमच्या पाहण्यात आहेत.

म्हातारपणी स्नायू कमावता येत नाहीत, हा तिसरा समज. १९९० साली अमेरिकेतील बॉस्टनच्या एका वृद्ध-रुग्णालयात झालेला प्रयोग ह्या बाबतीत मननीय आहे. नव्वदीच्या आसपासच्या, सर्वांत थोरले ९६ वर्षांचे, अशा दहा अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे पायांनी जड वजने उचलण्याचा व्यायाम देखरेखीखाली करवून घेण्यात आला. त्यांचे बळ सरासरीने १७४ टक्क्यांनी वाढले, म्हणजे मूळच्या पावणेतीनपट झाले. हा आकडा सर्वत्र सांगितला जातो. त्याच प्रयोगातील दुसरा आकडा मात्र कोणी सांगत नाही: व्यायाम थांबविल्यानंतर चारच आठवड्यांत त्यांच्या बळात ३२ टक्क्यांची घट झाली. आमच्या मते हा दुसरा आकडा प्रत्येक रुग्णालयाच्या दारावर लिहून ठेवण्याजोगा आहे. उपचार संपल्यावर व्यायाम मिळाला नाही तर उपचाराचे काय होते, ते त्यात दिसते.

आता ह्यावर कोणी म्हणेल, मग प्रत्येक रोग्यास उठवून जिममध्ये धाडावे काय? तसे धाडणे घातक ठरेल. आपल्याकडील अनेक जिममध्ये शिक्षकाचे दंड हेच त्याचे प्रमाणपत्र असते. रक्तदाबाच्या मनुष्यास श्वास कोंडून वजन उचलावयास लावले तर त्या क्षणापुरता त्याचा दाब किती चढतो, हे त्यास ठाऊक नसते. हृदयविकाराचे पुष्कळ रोगी बीटा ब्लॉकर जातीच्या गोळ्या घेतात; त्या गोळ्यांनी नाडीची गती दबलेली राहते. यंत्रावर लावलेल्या तक्त्यात वयाप्रमाणे नाडी किती चढली पाहिजे ते लिहिलेले असते, आणि ती तेवढी चढेना म्हणून शिक्षक त्या मनुष्यास आणखी पळवितो. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धेस पुढे वाकून पायाची बोटे धरावयास लावणे म्हणजे कण्याच्या मणक्याशी जुगार खेळणे होय. आणि अलीकडे काही शिक्षक स्वतःस थेरपिस्ट म्हणवून मान मोडण्याचेही प्रयोग करू लागले आहेत. भौतिकोपचारतज्ज्ञ ह्या लोकांविषयी नाक मुरडतात ते उगीच नव्हे. २०२१ साली संसदेने केलेल्या कायद्याने भौतिकोपचार हा स्वतंत्र, नोंदणीपात्र आरोग्यव्यवसाय ठरला. जिम-शिक्षकास असे कायद्याचे बंधन नाही. दुखण्याचे निदान, कारण न कळणारी वेदना, बधिरता, सूज ही तज्ज्ञाचीच कक्षा, आणि ती तशीच राहिली पाहिजे.

तथापि नाक मुरडून रोग्याचा प्रश्न सुटत नाही. तज्ज्ञाने न पाठविले तरी तो जिममध्ये जातोच. फक्त आपले दुखणे लपवून जातो. फुटबॉलच्या खेळाडूंचे पाहा. गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध तुटला, शस्त्रक्रिया करून नवा बसविला, आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात गुडघा दुखेनासा झाला की गावचा पोरगा आंतरवाड्यांच्या सामन्यासाठी मैदानात उतरतो. नऊ महिन्यांच्या आत खेळावयास परतणाऱ्यांत गुडघा पुन्हा दुखावण्याचे प्रमाण बरेच जास्त असते, आणि दोन्ही मांड्यांचे बळ जवळपास सारखे झाल्याखेरीज परतू नये, ह्याविषयी आता तज्ज्ञांत पुष्कळ एकवाक्यता आहे. मोठ्या क्लबांच्या खेळाडूंसाठी भौतिकोपचारतज्ज्ञ आणि बळ वाढविणारा प्रशिक्षक एकाच खोलीत बसून हे ठरवितात. चांदरच्या किंवा पेडण्याच्या पोरास ते दोघेही परवडत नाहीत. म्हणजे ही विद्या आपल्याकडे आहे. ती श्रीमंतांच्या अंगणात आहे एवढेच.

हृदयविकाराच्या बाबतीत वैद्यकाने आपले मत किती बदलले, हे येथे आठवावे. एके काळी झटका आलेल्या मनुष्यास सहा-सहा आठवडे पाठीवर निजवून ठेवीत. १९५२ साली लेव्हिन आणि लाउन ह्या दोघा डॉक्टरांनी रोग्यास लवकर खुर्चीत बसविण्याचा पुरस्कार केला तेव्हा तो आततायीपणा वाटला. आज देखरेखीखालील व्यायाम हा ह्या रोगाच्या उपचाराचाच भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली व्यायामाविषयी जी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांत प्रौढांनी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा आणि निदान दोन दिवस स्नायुबळाचा व्यायाम करावा असे सांगितलेच. शिवाय जुनाट विकार व अपंगत्व असलेल्यांसाठीही प्रथमच स्वतंत्र शिफारशी केल्या. व्यायामाच्या दारातून रोग्यास वगळण्याचा काळ गेला.

आमची सूचना फार मोठी नाही. त्या पाडेल्यास जी चिठ्ठी मिळाली नाही, ती चिठ्ठी रुग्णालयांनी द्यावयास आरंभ करावा. एक पान, मराठीत वा कोकणीत, छापील. कोणते हाड वा सांधा दुरुस्त केला. कोणती हालचाल वर्ज्य आणि ती कोणत्या तारखेपर्यंत. कितपत भारापासून आरंभ करावा. कोणती गोळी चालू आहे. कोणते लक्षण दिसताच थांबून परत पाठवावे. आणि रोग्याचा धंदा काय. शेवटचा मुद्दा आम्ही मुद्दाम घातला आहे. पाडेल्यास चढावयाचे आहे, रेंदेरास चढावयाचे आहे, ट्रॉलरवरील खलाशास हलत्या फळीवर उभे राहावयाचे आहे, कारकुनास आठ तास बसावयाचे आहे. ह्या सर्वांना एकच तक्ता देणे म्हणजे सर्वांच्या पायांत एकाच मापाची वहाण घालणे. महिन्याने त्याच पानाच्या पाठीवर शिक्षकाने चार ओळी लिहून पाठवाव्या: किती भार झाला, कोठे दुखले, किती दिवस आला. ह्या पाठच्या ओळींनी तज्ज्ञासही काही शिकावयास मिळेल, असे आम्ही आदरपूर्वक सुचवितो; कारण रोगी आपल्या हातून सुटल्यावर पुढे त्याचे काय झाले, हे त्यांना सहसा कळतच नाही.

अशी चिठ्ठी वाचावयास शिक्षकही त्या योग्यतेचा हवा. ज्या शिक्षकांची इच्छा असेल त्यांस भौतिकोपचार विभागात काही आठवडे उमेदवारी करू द्यावी आणि ती पुरी केलेल्यांची यादी त्या विभागाने भिंतीवर लावावी. यादीत नसलेल्याकडे रोगी पाठवू नये. चांगल्या शिक्षकास ह्यात कमीपणा नाही, गिऱ्हाईक वाढेल. पहिल्या दिवशी चिठ्ठीशिवाय काकांना परत धाडणाऱ्या त्या तरुणासारखे शिक्षक यादीत सर्वांत आधी यावेत.

जागेचा प्रश्न गोव्यात तरी उद्भवू नये. २०१४ चे लुसोफोनिया खेळ आणि २०२३ ची ३७ वी राष्ट्रीय क्रीडास्पर्धा ह्यांच्या निमित्ताने ह्या छोट्या राज्यात क्रीडासंकुले उभी राहिली, ताळगावास, नावेलीस, अन्यत्रही. बांबोळीस तर वैद्यकीय महाविद्यालय आणि मैदानी खेळांचे स्टेडियम एकाच पठारावर आहेत. कोणत्याही व्यायामशाळेत सकाळी दहा ते दुपारी चार ही वेळ ओसाड असते. नोकरदार सकाळ-संध्याकाळ येतात. नेमकी हीच वेळ वृद्धांना, गृहिणींना आणि कामावरून सुटलेल्या रोग्यांना सोयीची. गृहिणींचा उल्लेख आम्ही निराळा करतो, कारण गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या बाईस तिच्या घरचेच सांगतात की घरकाम होते तेवढा व्यायाम पुरे. घरकाम हा थकवा आहे. त्यात भार मोजून वाढत नाही आणि विश्रांतीचा दिवस येत नाही. आणि तरुण मुलांच्या घोळक्यात, आरशांसमोर, मोठ्याने वाजणाऱ्या गाण्यांत तिने पाय उचलण्याचा व्यायाम करावा, ही अपेक्षाही रास्त नव्हे. दुपारची दोन तासांची शांत वेळ तिच्यासाठी राखून ठेवता येईल. तालुक्याच्या आरोग्यकेंद्रात आठवड्यातून एकदा भौतिकोपचारतज्ज्ञ येऊन बसला तर काणकोणच्या मजुराची बसही वाचेल आणि चिठ्ठीचा जाब विचारावयास जवळ कोणीतरी असेल.

ह्यास मोठा निधी लागत नाही, नवे खाते तर मुळीच लागत नाही. आरोग्य खाते आणि क्रीडा खाते ह्यांच्या दोन अधिकाऱ्यांनी एका टेबलाशी बसून चिठ्ठीचा नमुना ठरवावा आणि एका संकुलाच्या दालनाचे दुपारचे दोन तास लिहून द्यावेत, इतकाच आरंभ. अनुभव एका तालुक्याचा घ्यावा, चुका होतील त्या पाहाव्या, मग पुढचा तालुका. पाऊस संपला की पाडणीचे दिवस सुरू होतील आणि रुग्णालयांच्या अस्थिविभागांत नेहमीप्रमाणे माडांवरून पडलेली माणसे येऊ लागतील; त्यांची प्लास्टरे पुढच्या वर्षाच्या आरंभी उतरतील. तोपर्यंत हा कागद छापून व्हावा.